हातांवर बसणारे रमजानभाई

शिकवणारा मनुष्य सहसा बोलतो, रागावतो, शिकणाऱ्याच्या हातातली वस्तू हिसकावून घेऊन 'हे असे करायचे' म्हणून दाखवतो. रमजानभाई शिकवताना स्वतःच्या हातांवर बसत. शिलाई मशीन समोर उघडे पडलेले असे, शिकणारी बाई पान्हा उलटा धरून खटपट करीत असे, आणि हे गृहस्थ ओट्यावर नाहीतर सारवलेल्या जमिनीवर दोन्ही पंजे मांड्यांखाली दाबून, डोळे मिटून स्वस्थ बसलेले असत. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, यांना थंडी वाजत असावी. विचारले तर म्हणाले, "हात मोकळे ठेवले की ते पुढं जात्यात, मुन्शीजी. दुसऱ्याच्या हातातलं काम ओढून घेत्यात. लई जुनी खोड हाय त्यांना. म्हणून दाबून ठेवतो."

रमजानभाईंविषयी लिहावयाचे तर संपूर्ण नाव, वय, धंदा, राहणार मौजे अमुक येथून आरंभ करावा, अशी माझ्या हाताची सवय आहे. मी जुन्नरच्या तहसील कचेरीच्या भिंतीला लागून, पत्र्याच्या पडवीखाली बसून गेली सव्वीस वर्षे अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. दहावीच्या परीक्षेस काही अपरिहार्य कारणास्तव बसता आले नाही. तथापि शासकीय भाषेवर माझे प्रभुत्व आहे, हे कचेरीतील कोणीही सांगेल. खेड्यापाड्यांतून येणारी मंडळी मला वकीलसाहेब म्हणतात. मी वकील नाही, हे त्यांना सांगण्याचा प्रसंग मी कधी येऊ दिला नाही. रमजानभाई मात्र पहिल्या दिवसापासून मला मुन्शीजी म्हणाले आणि शेवटपर्यंत मुन्शीजीच म्हणाले. त्या वेळी मला त्याचा किंचित राग आला होता. आज वाटते, माझ्या धंद्याचे नेमके नाव त्या एकाच माणसाला ठाऊक होते.

ते शिलाई मशिनी दुरुस्त करीत. जुन्नर शहरात त्यांचे घर होते, परंतु दुकान असे नव्हते. खांद्याला एक खाकी पिशवी, तीत पान्हे, पेचकस, सुयांची डबी, तेलाची लांब नळीची पिचकारी आणि नेहमी धुतलेले एक फडके. त्या फडक्याविषयी ते फार काटेकोर असत. तेलाचे हात त्यांनी कधी लेंग्याला पुसलेले मी पाहिले नाहीत.

आमची ओळख झाली ती माझ्या टाइपरायटरमुळे. कचेरीसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे संगणक आल्यापासून टाइपरायटर दुरुस्त करणारा तालुक्यात उरला नव्हता. माझे यंत्र ओळ संपली की मागे सरकेना. कोणीतरी त्यांना आणून उभे केले. त्यांनी स्पष्ट सांगितले, की असले मशीन आपण कधी उघडलेले नाही. मग पडवीच्या पायरीवर उकिडवे बसले आणि म्हणाले, "तुमी चालवा. मी ऐकतो."

मी म्हणालो, "ऐकून काय कळणार?"

"आधी ऐकू तर द्या, राव."

मी टाइप करू लागलो. त्यांनी डोळे मिटले. पाच-सहा ओळींनंतर हात वर करून त्यांनी मला थांबवले. "पट्टी वाकडी हाय, ती सरळ करतो. पण तुमी डाव्या हाताच्या बोटानं लई जोरात मारता. राग कोणावर हाय?"

पडवीत बसलेली माणसे हसली. मीही हसलो, परंतु नाइलाजाने. पट्टी त्यांनी सरळ केली, ती आजतागायत सरळ आहे.

बेल्ह्याच्या बैलबाजाराच्या दिवशी मी खरेदीपावत्या लिहावयास तिकडे जात असे. रमजानभाईही येत आणि माझ्यापासून चार पावलांवर पोते अंथरून बसत. एकदा पिंपरी पेंढारचे एक बागायतदार टेम्पोतून मशीन घेऊन आले. मोठे घर, मिशीला पीळ देणारा माणूस. चारचौघांत मोठ्याने म्हणाले, "चाचा, हे तुमच्याच्यानं व्हायचं न्हाई. माझ्या बायकोचा हात लागला की बंद पडतं हे मशीन."

"मग बायकोला दाखवायला आणायचं व्हतं," रमजानभाई म्हणाले. "मशीन कशाला आणलं?"

बाजार हसला. त्यांनी दाबपट्टी काढली, खालची पितळी झडप सरकवली, दात्यांच्या खाचेत सुई घातली आणि तांदळाचा एक दाणा बाहेर काढला. कुंकवाचा रंग अजून त्यावर होता. लग्नाच्या मांडवात रुखवताशेजारी मशीन मांडले असणार आणि अक्षता पडताना एक दाणा आत गेला असणार. रमजानभाईंनी तो कागदाच्या पुडीत घातला आणि बागायतदारांच्या हाती दिला.

"हे वहिनीसाहेबांना द्या. तुमच्या लग्नातला हाय. किती वरसं झाली?"

"अकरा."

"अकरा वरसं त्या शिवायला बसत्यात आन् उठत्यात. तुमी एकदा तरी झाकण उघडून बघायचं व्हतं, पावणं."

पुडी बागायतदारांनी सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात ठेवूनच टेम्पोत बसले.

आता ज्यासाठी हे लिहावयास बसलो आहे तिकडे येतो. येथून पुढे माझे लेखन मंदावेल, कारण माझी इच्छा मंदावते.

आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या पलीकडे, जेथून एसटी वळून परत फिरते तेथून तासाभराच्या चढणीवर करवंदवाडी नावाची वस्ती आहे. शासनाने तेथील महिला बचत गटास तीन महिन्यांचे शिवणकामाचे प्रशिक्षण दिले होते आणि प्रशिक्षणाअंती नवी शिलाई यंत्रेही दिली होती. हेतू चांगला होता. दिवाळी सरली की त्या वाडीतील बाया लेकरांसह खाली येतात, नारायणगाव-आळेफाट्याच्या बाजूला टोमॅटो आणि कांद्याच्या रानात चार-चार महिने पालात राहून मजुरी करतात. शाळांच्या गणवेशाचे शिवणकाम वाडीवर मिळाले तर त्यांना खाली उतरावे लागणार नाही, अशी ती योजना होती. परंतु वर्षभरात सगळी यंत्रे बंद पडली. मग गटाला घोडेगावच्या कार्यालयातून पत्र आले, की यंत्रे वापरात का नाहीत याचा लेखी खुलासा करावा, अन्यथा ती परत घेण्यात येतील.

गटाची अध्यक्ष हिराबाई, पंचविशीतली बाई, बाजारात रमजानभाईंना भेटली आणि रमजानभाई मला घेऊन वाडीवर गेले. एका घरात मशीनवर टीव्ही ठेवलेला होता. दुसऱ्या घरात मशीनच्या पाटावर कोंबडी अंड्यांवर बसली होती. ती उठेपर्यंत ते मशीन पाहता येणार नाही, असे घरच्या म्हातारीने निक्षून सांगितले. रमजानभाई म्हणाले, "बसू द्या. तिचं काम तर चालू हाय."

हिराबाईच्या मशीनचे चाक हाताने फिरेना. रमजानभाईंनी बोट आत घालून नाकाला लावले. "पोरी, ह्याच्यात भजी तळली का?"

हिराबाई लाजली. "चाचा, तेल घालाया सांगितलं व्हतं. मग आमी घातलं."

"कोणतं?"

"घरात व्हतं ते. गोडंतेल."

तीन महिन्यांच्या प्रशिक्षणात कापड कापण्यास शिकवले होते, काजे-बटण शिकवले होते, परंतु मशीनचे तेल वेगळे असते आणि खाण्याचे तेल आत गोठून चिकट होते, हे सांगावयाचे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. आणि मशीनचे तेल मिळत होते ते घोडेगावला, म्हणजे जाऊन-येऊन एका दिवसाच्या वाटेवर. रमजानभाईंनी रॉकेल मागवले, जमिनीवर फडके अंथरले आणि मशीन स्वतः न उघडता पान्हा हिराबाईच्या हातात दिला. नंतर ते आपल्या हातांवर बसले. मी प्रथम ते दृश्य पाहिले ते तेथे. दुपार टळेपर्यंत हिराबाईने सुईखालचे, दोऱ्याच्या रिळाचे शटल काढले, धुतले, उलटे बसवले, पुन्हा काढले. रमजानभाई एकदाही पुढे झुकले नाहीत. चाक फिरले तेव्हा ती त्यांच्याकडे न बघता आपल्याच हातांकडे बघत राहिली.

त्या अवधीत मी ओट्यावर बसून खुलासा लिहिला.

माझ्या लेखनातील एका परिच्छेदाविषयी येथे सांगितले पाहिजे. तो मी स्वतः रचला आहे आणि तो तालुक्यात प्रसिद्ध आहे. 'अर्जदार अत्यंत गरीब, अशिक्षित व असहाय असून त्यास कोणतेही कामकाज वा कौशल्य अवगत नाही, उपजीविकेचे अन्य साधन नाही, सबब दयाळू शासनाने सहानुभूतीपूर्वक विचार करावा.' निराधारांचे मानधन असो, घरकुल असो, शिधापत्रिका असो, हा परिच्छेद घातल्याशिवाय माझ्या हातून कागद गेला नाही. एका साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितले होते, की तुमचा अर्ज वाचला की सही करावीशी वाटते. तो दिवस मी विसरलो नाही. करवंदवाडीच्या खुलाशातही मी तो घातला: या महिला अशिक्षित आहेत, यांना काहीही येत नाही, यंत्र बिघडले तर या असहाय आहेत. यंत्रे परत गेली नाहीत. एवढेच नव्हे, तर काही महिन्यांनी त्याच कार्यालयाने दुर्गम वाड्यांसाठी शिलाई यंत्र दुरुस्तीचे वर्ग काढले. प्रशिक्षक स्थानिक कारागिरांतून नेमावयाचे होते. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही त्यांनी आपल्या कामाचा अनुभव अर्जात लिहावा, तो पाहून प्रात्यक्षिकास बोलावले जाईल, असे सूचनेत म्हटले होते.

सूचना मीच रमजानभाईंना वाचून दाखवली. त्यांना मराठी वाचता येत नव्हते; सहीपुरते लिहिता येई. ते म्हणाले, "म्हंजी सरकार मला वाडीवर पाठवणार? शिकवायला?"

"अर्ज नीट गेला तर."

"तुमी लिहिणार म्हंजी नीटच."

अर्ज लिहिण्याच्या दिवशी ते अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले. पायरीवर बसले, डोळे मिटले आणि टाइपरायटर ऐकू लागले. मी नाव लिहिले, पत्ता लिहिला, विषय लिहिला, आणि मग माझी बोटे आपसूक त्या परिच्छेदात शिरली. इतक्या वर्षांची वाट होती ती. मी त्या वेळी समोरून जाणाऱ्या तलाठ्यास नमस्कारही केला, बोटे थांबली नाहीत.

रमजानभाईंनी डोळे उघडले. "मुन्शीजी, हितं लई भरभर गेलात. काय लिहिलं?"

"नेहमीचेच."

"मला काम येतं, असं लिहिलंय ना त्यात?"

मला हा प्रश्न अपमानास्पद वाटला. लोक ऐकत होते. मी म्हणालो, "रमजानभाई, मी तुम्हाला सुई कशी बसवायची ते शिकवतो का?"

"न्हाई."

"मग सही करा."

त्यांनी सही केली. एक एक अक्षर जपून, जीभ दातांत धरून. मी कागद पुन्हा वाचून पाहिला नाही. मी स्वतःचे लेखन पुन्हा वाचीत नसे, आणि याचाही मला अभिमान होता.

निवडीच्या दिवशी ते हिराबाईला सोबत घेऊन घोडेगावास गेले. ते शिकवतात, हे सांगावयास ती जाणार होती. पिशवीत त्यांनी एक संपूर्ण मशीन सुटे करून नेले होते, साहेबांसमोर जोडून दाखवण्यासाठी. ते जुन्नरला परत येण्याआधीच त्या कार्यालयातील माझ्या ओळखीच्या शिपायाचा मला फोन आला. तो हसत होता. "काय वकीलसाहेब, आज मजा केली तुमच्या कागदानं. म्हातारा मशीन शिकवायला आला आन् अर्जात लिहिलंय, कोणतंही कौशल्य अवगत न्हाई. आमच्या मोठ्या बाईसाहेबांनी मोठ्यानं वाचलं. सगळी हसाया लागली. बाईसाहेब तेवढ्या हसल्या न्हाईत."

मी फोन ठेवला. माझ्याकडे ठेवलेली अर्जाची प्रत काढून वाचली. माझाच परिच्छेद, माझ्याच टाइपात, एकही चूक नसलेला. ज्या माणसाला त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच 'मला येते' एवढे लिहून हवे होते, त्याच्या सहीवर मी लिहून दिले होते, की याला काही येत नाही.

सायंकाळी रमजानभाई आले. खांद्यावरच्या पिशवीत सुटे भाग खुळखुळत होते, म्हणजे मशीन जोडलेच गेले नव्हते. खिशातून त्यांनी घडी केलेला कागद अर्धा बाहेर काढला होता. शेजारचा झेरॉक्सवाला बघत होता, पडवीत दोन गिऱ्हाइके बसली होती. त्यांनी तोंड उघडण्यापूर्वी मी बोललो.

मी म्हणालो, "समजलं मला. मनाला लावून घेऊ नका. तुमचं नाव वाचलं आणि बाजूला ठेवलं असणार. तुमच्या लोकांचे कागद आजकाल असेच बाजूला पडतात."

हे वाक्य मी उच्चारले, असे येथे शब्दशः नमूद करतो. त्या कार्यालयात असे काही घडले नव्हते, हे मला त्या क्षणी पूर्ण ठाऊक होते.

रमजानभाई माझ्याकडे बघत राहिले. नंतर हळू म्हणाले, "बाईसाहेबांनी मला खुर्ची दिली. चहा दिला."

"चहा देणे वेगळे."

"हां," ते म्हणाले. "चहा येगळा."

कागद त्यांनी परत खिशात घातला. पिशवी सावरली आणि गेले. त्यानंतर ते माझ्या पडवीत बसले नाहीत. रस्त्यात भेटले तर मान हलवीत. मीही हलवीत असे.

वाड्यांवर त्या वर्षी बाहेरगावचा एक प्रमाणपत्रधारी तरुण नेमला गेला. पावसाळ्यात चढण निसरडी झाल्यावर त्याने येणे सोडले. बाकीची यंत्रे बंदच राहिली, गणवेशाचे काम दुसऱ्या गटाकडे गेले. दिवाळीनंतर मी नाशिकला एका नातलगाच्या कार्यास निघालो होतो. आळेफाट्यावर एसटी थांबली. खाली, हॉटेलच्या पत्र्याच्या सावलीत, बोचक्यांवर बाया बसल्या होत्या, मजुरीला नेणाऱ्या टेम्पोची वाट पाहत. त्यांत हिराबाई होती. तिची मुलगी, शाळेच्या वयाची, तिच्या गुडघ्याला टेकून झोपली होती. हिराबाईने वर पाहिले. तिने मला ओळखले किंवा नाही, मी सांगू शकत नाही. कारण मी खिडकी सोडून पलीकडच्या बाजूच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसलो होतो.

रमजानभाई मात्र वाडीवर जात राहिले. कोणत्याही नेमणुकीवाचून, एसटीने वळणापर्यंत आणि पुढे पायी. बाया रानातून परतल्यावर त्यांनी एकेक मशीन त्यांच्याच हातून धुऊन घेतले. हे मला बाजारातून कळत असे. मी त्यावर काही भाष्य करीत नसे.

दोन वर्षांनी तीच योजना पुन्हा निघाली. एके दिवशी सकाळी मान वर करतो तो समोर हिराबाई उभी. तिच्यामागे, नळावर हात धुताना रमजानभाई. ते फार वाळले होते.

हिराबाई बाकावर बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊ, चाचा नळावर हायेत तवर बोलून घेते. त्या दिशी मी तिथं व्हते. तुमचा कागद बाईसाहेबांनी वाचला, समदी हसली. बाईसाहेब म्हणल्या, बाबा, तुमाला काम येतंय हे मला दिसतंय, पण मला कागदानं चालावं लागतं. आठ दिसांत नीट लिहून आणा, मी घेते. लाल पेनानं तसं लिहून पण दिलं व्हतं."

मी हातातले कोरे कागद सारखे करू लागलो.

"चाचा तोच कागद घिऊन तुमच्याकडं आले व्हते. नवा लिहून घ्यायला."

"मग दुसऱ्याकडून—"

"म्हणले मी. समोरच संगणक हाय, म्हणले. तर न्हाई म्हणाले. दोन दिस नीट जेवले न्हाईत. काम गेलं त्याचं न्हाई, पोरी, म्हणाले. मुन्शीला माझं नाव असं पुढं करता आलं. सोताच्या चुकीम्होरं माझं नाव आडवं घातलं त्यानं. आता कोणत्या कागदावर सही करू मी." ती थांबली. नळ बंद झाल्याचा आवाज आला. "माझा अर्ज लिहायचाय. शिकवायचा. मी संगणकावर जात व्हते, चाचाच म्हणाले मुन्शीकडंच जायाचं. पण मी सांगन तसं लिवा. तुमचं काय घालू नका."

त्या अर्जावर हिराबाईची निवड झाली. प्रात्यक्षिकात तिने मशीन खोलून जोडून दाखवले आणि आज ती चार वाड्यांना शिकवते. दिवाळीनंतर करवंदवाडीहून खाली उतरणाऱ्यांत आता ती नसते. हे मी आधीच सांगून मोकळा होतो, कारण त्यात माझे कर्तृत्व नाही. रमजानभाई त्याच उन्हाळ्यात मुलीकडे संगमनेरला राहावयास गेले आणि तेथेच वारले. त्यामुळे ती सकाळ हीच आमची शेवटची भेट. तिचे सांगतो आणि थांबतो.

फडक्याला हात पुसत ते आले. माझ्याकडे बघून नेहमीसारखी मान हलवली. बाकावर जागा होती, तरी त्याच जुन्या पायरीवर बसले. मी यंत्रात कागद चढवला.

हिराबाई सांगू लागली. "लिवा. मला मशीन पूर्ण खोलता येतं. मला ते जोडता येतं. शटलचा टायमिंग लावता येतो. कोणतं तेल घालायचं ते मला माहीत हाय, आन् ते न्हाई घातलं तर काय व्हतं ते बी माहीत हाय."

माझ्या हातून अशी वाक्ये कधी लिहिली गेलेली नव्हती. 'येते' या शब्दाशी बोटे अडखळत. एक अक्षर शोधावे, मारावे, पुढचे शोधावे. दुसऱ्या परिच्छेदाच्या आरंभी मला हवे होते 'अर्जदार हिने', आणि बोटे सवयीने धावली. 'अर्जदार अत्यंत' एवढे उमटले. मी थांबलो. पायरीकडे पाहिले. रमजानभाईंचे डोळे मिटलेलेच होते, परंतु मान किंचित वळली होती. त्यांना ऐकू गेले होते.

मी तो कागद काढला, फाडला, नवा चढवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. हिराबाईने सगळे पुन्हा सांगितले. मी सगळे पुन्हा लिहिले, हळूहळू, चुकत. त्या पंधरा-वीस मिनिटांत रमजानभाई एक शब्दही बोलले नाहीत. त्यांचे दोन्ही हात मांड्यांखाली होते. वाडीवर हिराबाईपुढे बसत, अगदी तसेच ते माझ्यापुढे बसले होते.

अर्ज पुरा झाला. मी तो मोठ्याने वाचून दाखवला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हिराबाईने सही केली. रमजानभाई उठले, पिशवीतून पिचकारी काढली, टाइपरायटरच्या पट्टीवर तेलाचा एक थेंब सोडला, पट्टी एकदा इकडून तिकडे सरकवून पाहिली आणि फडक्याने बोट पुसले. मी त्यांच्या अगदी समोर होतो. रमजानभाई, त्या दिवशी मी खोटे बोललो, एवढेच वाक्य होते. एवढी लांब-लांब वाक्ये मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीने रचली, हे एक स्वतःच्या वतीने मला म्हणता आले नाही.

"चला पोरी," ते म्हणाले, "गाडी चुकंल."

ते दोघे स्टँडच्या दिशेने निघाले. रमजानभाईंचे हात दोन्ही बाजूंना मोकळे सुटले होते. त्यांच्या दोन्ही पंज्यांच्या मागच्या बाजूवर पायरीच्या खडबडीत दगडाचे वळ खोल उमटलेले मला दिसले. इतक्या जोराने ते हात दाबून बसले होते.